थोकोचा सत्कार

आपला चेहरा कुणाच्या लक्षात राहू नये म्हणून जिने सगळी कारकीर्द काळजी घेतली, त्या बाईचा फोटो मी शाल-श्रीफळासकट मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. फोटोखाली तिचं नाव. नावाखाली देश. देशाखाली आमच्या बिल्डिंगचा पत्ता, कारण "प्रत्यक्ष भेटून अभिनंदन करू इच्छिणाऱ्यांची गैरसोय होऊ नये." हे वाक्यही माझंच. तेव्हा मी सहासष्टची होते. पोरवयच ते, अक्कल यायला अजून अवकाश होता.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. मी संगमनेरजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. आमच्याकडे सत्काराशिवाय पान हलत नसे. साहेब आले की सत्कार, बदलून गेले की सत्कार, आणि बदली रद्द होऊन परत आले की पुन्हा सत्कार. एकदा तर बोअरला पाणी लागलं म्हणून बोअरवाल्याला फेटा बांधला होता. आठवड्यात पाणी गेलं, फेटा काही परत आला नाही. मुलाकडे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला राहायला आले तेव्हा माझ्या बॅगेत चार कोऱ्या शाली होत्या. "असू देत गं, कुणाचं काही चांगलं झालं तर," असं मी सुनेला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

तर त्या शालींना बरीच वर्षं गिऱ्हाईक मिळेना. मग आमच्या खालच्या मजल्यावर थोको राहायला आली.

थोको म्हणजे थोकोझानी. देश मलावी. मी बावीस वर्षं भूगोल शिकवला, पण नकाशावर मलावी शोधायला मला नातीची मदत लागली. थोको इथल्या विद्यापीठात वर्षभरासाठी कसल्याशा अभ्यासवृत्तीवर आली होती. चांगली उंच, केस अगदी बारीक कापलेले, पुढच्या दोन दातांत फट, आणि हसणं असं की आमच्या स्वयंपाकघराची फरशी हलावी. मला ती अगोगो म्हणायची. त्यांच्या भाषेत आजी. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं. इथे ते मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तिचं बोलणं तुम्हाला कळेल आणि माझं इंग्रजी झाकलं जाईल. आणि त्यांच्याकडेही मोठ्या माणसांना आदराचं बहुवचन लागतं असं तिनेच सांगितलं होतं, म्हणून तिच्या तोंडी 'तुम्ही' घालते.

पहिली भेट तळघरातल्या लॉन्ड्रीत झाली. ती ड्रायरवर चढून बसली होती, शेंगा सोलत.

"तेलुगू बायका साड्या फार छान नेसतात," माझ्याकडे बघून म्हणाली.

"मी तेलुगू नाही, मराठी आहे!"

"हां, म्हणजे मुंबई."

"मुंबई कुठली? संगमनेर!"

"तुमच्या डॉक्टर मुलाला मी काल पार्किंगमध्ये पाहिलं."

"तो डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. डॉक्टर सून आहे, तीही दातांची. आणि तो कालचा नव्हेच, कालचा तो वरच्या मजल्यावरचा तमिळ मुलगा!"

कपडे वाळेपर्यंत तिला आमच्या घराची सगळी जंत्री मिळाली होती. कोण कुठे काम करतं, माझा कुठला गुडघा दुखतो, व्हिसाचं कुठे अडलंय, सुनेला माझी फोडणी का चालत नाही. मला मिळालं होतं फक्त तिचं नाव आणि मूठभर शेंगा. आणि घरी येऊन विचार करते तर काय, त्या बाईने मला एकही प्रश्न विचारलेला नव्हता!

पुढे हीच तिची करामत आहे हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर माझा गोडा मसालासुद्धा तिच्या ताब्यात गेला होता. "यात बडीशेप फार घालता तुम्ही," असं ती म्हणाली आणि मी उसळून दगडफुलापासून नागकेशरापर्यंत सगळं प्रमाणासकट सांगून बसले. मग ती हसली. फरशी हलली.

"अगोगो, प्रश्न विचारला की माणूस दार लावून घेतं. चुकीचं बोललं की तेच माणूस दुरुस्त करायला अनवाणी बाहेर पळत येतं."

तिच्या खोडी तरी किती सांगू! कुठेही गेली तरी दाराकडे तोंड करून बसायची. आमच्याकडे जेवायला आली की माझी खुर्ची बळकवायची, कारण ती दारासमोर. पालेभाजीत दाण्याचं कूट पाहिलं आणि तिने टाळीच वाजवली. त्यांच्याकडेही पालेभाजीत कूट! फक्त आमचं कूट बघून नाक मुरडलं. "शेंगदाणे भाजलेत की नुसते घाबरवलेत?" मग स्वतः उभी राहून भाजून दाखवले, मंद आचेवर, गप्पा मारत, एकदाही कढईकडे न बघता. वासावर.

आणि फोटो. फोटो काढायला कुणी फोन वर धरला की थोकोच्या बुटाची नाडी सुटलेली असायची. माझी नात सई, तेव्हा चौदा वर्षांची, तिच्या वाढदिवसाचे फोटो आम्ही बघत होतो. एकात थोकोचं कोपर. एकात पाठ. एकात फुग्याच्या मागे दोन पाय.

"आजी, शी इज लाइक अ घोस्ट, यार," सई म्हणाली.

"लाजते गं ती," मी म्हटलं. बघा, केवढी माणसांची पारख!

तिने काम काय केलं तेही ती मला मधूनमधून सांगत होती, माझ्याच डोक्यात शिरत नव्हतं. "मी एका गोदामाच्या गेटवर शेंगा विकायचे," असं ती एकदा म्हणाली. मला गलबलून आलं. किती कष्टांतून वर आली पोर! मी घरातले दोन जुने स्वेटर काढून तिला दिले. तिने ते मुकाट्याने घेतले आणि थंडीभर घातलेसुद्धा. तिने शेंगा पोटासाठी विकल्या नव्हत्या, बातमीसाठी विकल्या होत्या, हे मला सईने समजावून सांगेपर्यंत दुसऱ्या स्वेटरचं कोपर फाटलं होतं.

झालं होतं ते असं. थोकोच्या देशात मलेरियाच्या गोळ्या म्हणून खडूच्या गोळ्या विकल्या जात होत्या. एक व्यापारी त्या आणायचा, त्याच्या गोदामात त्या खऱ्या डब्यांत भरल्या जायच्या. थोको शोधपत्रकार. ती टोपली घेऊन त्या गोदामाच्या गेटवर एक अख्खा हिवाळा शेंगा विकत बसली. आत काम करणाऱ्या एका बाईने तिला आतलं सगळं सांगितलं. बातम्या छापून आल्या त्या थोकोच्या नावाशिवाय, "आमच्या प्रतिनिधीकडून" अशा. व्यापाऱ्यावर खटला उभा राहिला, आणि आत बोललं कोण, याचा त्याची माणसं अजून शोध घेत होती. शेंगावाली आणि पत्रकार एकच, हे तिचे संपादक सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

एवढं सगळं मला कसं कळलं? सांगते. ती माझी एकुलती एक फत्ते आहे.

मार्चमध्ये एका संध्याकाळी थोको वर आली ती नाचतच. तिच्या वर्तमानपत्राला युरोपातलं एक मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक जाहीर झालं होतं, त्या गोळ्यांच्या बातम्यांसाठी. "आमच्या पेपरला," ती म्हणाली. "संपादक जाणार आहेत घ्यायला." माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी सुपारी कातरता कातरता सहज म्हटलं, "चालायचंच. असली जोखमीची कामं शेवटी पुरुषांनाच जमतात."

"पुरुष? तो संपादक पंख्याखालून उठला नाही! गेटवर उन्हात मी..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघत राहिली. मग असं हसली की खालच्या मजल्यावर तिच्याच घरातल्या कपबशा वाजल्या असतील.

"अगोगो, तुम्ही धोकादायक बाई आहात." हसणं थांबलं तेव्हा तिने मला आणि सईला उरलेलं सगळं सांगितलं आणि माझे दोन्ही हात धरले. "पण हे या घराबाहेर जाऊ द्यायचं नाही. जूनमध्ये मी परत जाणार. मला दुसऱ्या एका गेटवर बसायचंय."

मी गळ्याशपथ कबूल केलं. आणि ती शपथ मी पाळली असती हो! पण कपाटात चार शाली होत्या.

जगाने जिला मानलं, तिच्या गळ्यात हार नाही, हातात नारळ नाही, आणि मिरवणार तो पंख्याखालचा संपादक! मला झोप लागेना. शेवटी ठरवलं, घरच्या घरी करू. भजनाच्या चारच बायका. थोकोला म्हटलं, सईच्या परीक्षेसाठी छोटी पूजा आहे. ती आली. तिला पाटावर बसवलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला, मानपत्र वाचलं. मानपत्रात "रणरागिणी" दोनदा होतं. थोकोला मराठी कळत नव्हतं. परीक्षेची पूजा अशीच असते असं समजून ती नारळ सांभाळत शहाण्यासारखी बसली होती. ओवाळताना डोळ्यांना पाणी लावलं तेव्हा तिने डोळे मिटले. दोन्ही हातांत नारळ, डोळे मिटलेले. बिचारी बुटाची नाडी बांधणार कशी? तेवढ्यात भजनातल्या लेले वहिनींनी फोटो काढला आणि मला पाठवला.

सत्कार झाला आणि फोटो बाहेर गेला नाही, तर तो सत्कार झालाच नाही, अशा संस्कारांत मी वाढले. लेले वहिनी जिना उतरून गेल्या नसतील तोवर माझा अंगठा चालून गेला होता. मंडळाच्या लोकांनीही तत्परता दाखवून रात्रीच्या आत फोटो मंडळाच्या पानावर चढवला: "पिस्कॅटवेत जगप्रसिद्ध पत्रकाराचा हृद्य सत्कार." माझं नाव घालायला मात्र विसरले. त्या रात्री मला त्याचाच राग आला होता, बोला!

दुसऱ्या दिवशी सई शाळेतून आली ती फोन पुढे धरूनच.

"आजी! हू पोस्टेड धिस? रीड द कमेंट्स!"

पहिल्या पंधरा कॉमेंट्समध्ये नुसते नमस्काराचे हात. सोळावी मंदारची. मंदार म्हणजे लेले वहिनींचा भाचा, ब्लँटायरला हिशेबनीस म्हणून नोकरीला. आता मलावीत जाऊन हिशेब लिहिणारा मराठी माणूस असावा, तो लेले वहिनींचाच भाचा असावा, आणि त्याने मंडळाचं पान बघावं! त्याने लिहिलं होतं, "अरेच्चा! ही तर आमच्या गेटवर शेंगा विकायची!!" खाली हसरे चेहरे.

मंदारचं ऑफिस त्या गोदामाच्याच आवारात होतं.

सईने मंडळाला फोन करून सगळं पुसायला लावलं आणि थोकोला वर बोलावून आणलं. थोकोने कॉमेंट वाचून घेतली. ओरडली नाही. दाराकडे तोंड करून बसली, आणि पहिल्यांदाच मला तिच्या सवयीचं हसू आलं नाही.

"हे फोन हल्ली आपोआपच पाठवतात," मी म्हटलं. "आणि फोटो तर लेले वहिनींनी..."

सईने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं. थोकोने मात्र कुणी पाठवला म्हणून विचारलं नाही.

"माझं काही नाही, अगोगो. मी इथे आहे. पण शेंगावाली कोण ते कळलं, की तिच्या टोपलीजवळ रोज कोण बसायचं ते लोक आठवायला लागतील."

ती आतली बाई. तिला दोन मुली होत्या. एवढंच थोको बोलली, नाव तेव्हाही नाही.

मग तिने मला कामाला लावलं. मंदारला मी फोन करायचा, मराठीत, मावशीपणाने. त्याने कुणाला सांगितलंय का, आणि त्याला काय आठवतंय, हे काढायचं. "विचारायचं नाही," तिने बोट उगारून बजावलं. फोन स्पीकरवर, एका बाजूला थोको, दुसऱ्या बाजूला सई कानात इंग्रजी करून सांगायला. फोन मी डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला.

"मंदार, मी सुमनमावशी, तुझ्या लेलेमावशीची मैत्रीण. काय रे गाढवा, त्या शेंगावालीचं तू जाऊन औषधवाल्याला सांगितलंस म्हणे!"

"मी? काहीतरीच काय मावशी! त्या माणसाकडे मी बघतसुद्धा नाही. त्याच्या गोळ्या दिल्या म्हणून आमच्या वॉचमनचं पोर गेलं."

सईने ते इंग्रजीत सांगितलं, पण शेवटचा शब्द तिला पुरा करता आला नाही. थोकोने मान हलवली. तिला ते पोर माहीत होतं.

"मग तू लिहिलंस कशाला ते?" मी न राहवून विचारलं. पलीकडे एकदम सामसूम. थोकोने माझ्या गुडघ्यावर चापट मारली, नेमकी दुखऱ्या.

"बरं, राहू दे," मी सावरलं. "नाहीतरी मी ऐकलंय, तिच्याजवळ तो दाढीवाला ड्रायव्हर तेवढा बसायचा, बाकी कुणी नाही."

"दाढीवाला कोण? अहो मावशी, सगळं आवार बसायचं तिथे! पॅकिंगच्या बायका, वॉचमन, ड्रायव्हर, मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत. शेंगा झकास भाजायची, आणि मापावर वर मूठभर टाकायची. कोण कोण बसायचं ते देवालासुद्धा सांगता यायचं नाही. मावशी, मी कॉमेंट काढलीये. आपली माणसं बघून आनंद झाला हो, म्हणून लिहिलं. डोकंच चाललं नाही."

आपली माणसं बघून आनंद झाला. त्याला मी काय बोलणार? आम्ही एकाच शाळेतले!

सईने सगळं सांगितल्यावर थोको खुर्चीत मागे टेकली आणि डोळे मिटले, ओवाळताना मिटले होते तसे.

"वरची मूठ त्यासाठीच तर होती, अगोगो," ती म्हणाली. "एक बाई लपवायची तर भोवती बाजार भरवावा लागतो."

तरी निभावलं नाहीच. फोटो तोवर कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरला होता, आणि महिन्याभरात तो तिच्या देशात फिरायला लागला, शालीसकट. त्या आतल्या बाईला थोकोच्या लोकांनी त्याआधीच मुलींसह दुसऱ्या गावी भावाकडे हलवलं होतं. ती सुखरूप असल्याचा निरोप आला तेव्हा थोको आमच्याकडे कप विसळत होती. तिने नळ बंद केला, निरोप दोनदा वाचला, पुन्हा नळ सोडला. मग पाठमोरीच म्हणाली, "मला मात्र आता कुठल्याच गेटवर बसता येणार नाही."

मी त्या आठवड्यात पुरणपोळ्या केल्या, चिरोटे केले, अनारसेही घातले. अनारसे फसले, तेही तिने खाल्ले. सॉरी काही मी म्हटलं नाही. आमच्या पिढीत सॉरी म्हणायची पद्धत नव्हती, तूप वाढायची होती.

पारितोषिक घ्यायला शेवटी थोकोच गेली. "चेहरा बाहेर पडलाच आहे, तर तो नीट इस्त्री करून नेते," म्हणाली. आम्ही सईच्या लॅपटॉपवर बघितलं. एवढं मोठं सभागृह, सुटाबुटातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवतायत, आणि आमची थोको अंगावर माझी संगमनेरची शाल घेऊन स्टेजवर. फोटोवाले पुढे धावले, आणि ती सवयीने नाडी बांधायला खाली वाकली. पायांत चपला होत्या! सई हसून हसून जमिनीवर लोळली. मी शालीचा पदर नीट दिसतोय का ते बघत होते. बोलताना थोकोने कुणाचंच नाव घेतलं नाही. पण भाषण संपवताना त्या वॉचमनच्या पोराचं वय सांगितलं, आणि टाळ्या थांबल्या.

जूनमध्ये ती निघाली. परत मलावीला, उघड्या चेहऱ्याने, खटल्यात साक्ष द्यायला. टॅक्सी पार्किंगमध्ये उभी होती, सई बॅगा ठेवत होती. मी दाण्याच्या कुटाचा डबा दिला. तिने झाकण उघडून वास घेतला. "आता भाजलेत," म्हणाली. मग टॅक्सीच्या दारावर हात ठेवून, कुठेतरी झाडाकडे बघत, अगदी सहज म्हणाली, "अगोगो, तुमच्या त्या लेले वहिनी. फोन किती सफाईने वापरतात! फोटो काय, पत्ता काय, एवढा मोठा मजकूर काय. सगळं त्यांनीच पाठवलं."

"लेले वहिनी?" मी ताडकन म्हटलं. "तिला साधा आडवा फोटो उभा करता येत नाही! 'रणरागिणी' लिहील ती? मी लिहिलं ते! मी पाठवलं!"

सई बॅग तशीच धरून बघत राहिली. माझे कान तापले. डोळ्यांतही काहीतरी गेलं होतं.

थोको वाकली, माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ती हसत होती. आवाज नव्हता, पण तिच्या हाडांतून ते मला कळत होतं. मग ती माझ्या कानाशी म्हणाली:

"माहीत होतं, अगोगो. पण मी विचारलं असतं, तर तुम्ही खोटं बोलला असतात."